लांब्याची खुर्ची

झालं का भांडून? अर्धा तास जिन्यातून ऐकतोय मी. गिटारवर हा, बासवर तो, गायला ती. जिवंत-मेलेले, जगातले सगळे मोठे वाजवणारे गोळा करून एका ग्रुपमध्ये बसवलेत. बसवा की, स्वप्नाला कुठे तिकीट लागतंय! पण ड्रमवर कोण म्हटल्यावर ही आमची पुतणी काय म्हणाली, तेही ऐकलं. "कोणीही चालेल, पण तो नको." तो म्हणजे तुमचाच ड्रमवाला ना? चार वर्षं तुमच्याबरोबर वाजवत होता तो? ... आता एकमेकांकडे काय बघता?

सरका जरा. आणि तो मोबाईल पालथा घाल आधी, तोंडावर उजेड पाडून असलं ऐकायचं नसतं. गोष्ट नाहीये ही. माझ्या साडूच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. साडू म्हणजे काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पियानोवाला. वाजवत नाही तो, पियानो सुरात लावून देतो. माणूस इतका सरळ की थाप मारायची म्हटली तरी त्याला आधी घाम फुटतो.

मागच्या वर्षी, नोव्हेंबरची बावीस तारीख. शुक्रवारची रात्र. नाही रे, अमावस्या नव्हती. चांगला अर्धा चंद्र होता आकाशात. भुतं काय कॅलेंडर बघून निघतात?

साडू नेहमीच्या कामाला निघाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या सभागृहात बॉसचा सत्कार होता, म्हणून तिथला पियानो लावायचा होता. बॉस म्हणजे तो ऑर्केस्ट्रावाला. सगळं गाव त्याला बॉस म्हणायचं, त्याची बायकोसुद्धा. हॉलमध्ये आधी एक नाटक होतं. ते सुटलं, माणसं पांगली, तेव्हा कुठे साडूला आत सोडलं. चौकीदारानं दिवे लावून दिले, "झालं की हाक मारा" म्हणाला आणि फाटकावर जाऊन बसला.

पियानोची एक पट्टी दाबली की आत तीन तारा एकदम वाजतात. दोन तारांमध्ये लोकरीची पट्टी खुपसून त्यांना गप्प करायचं, उरलेली चावीनं पिळून सुरात आणायची. मग दुसरी, मग तिसरी. असं दोनशेच्या वर तारांचं. डोकं शांत लागतं आणि हॉलही. त्या रात्री दोन्ही होतं.

मंचावर पियानोशेजारी पाच खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या. रिकाम्या.

सव्वाअकराला बॉस स्वतः आला. पियानो कसा झालाय बघायला. स्वारी खुशीत होती. म्हणाला, "खुर्च्या बघितल्यास? माझी आयडिया आहे. उद्या लोकांना सांगणार, हा माझा स्वप्नातला ग्रुप. एकेक नाव घेणार, त्या त्या रिकाम्या खुर्चीवर दिवा पडणार. मग मी एकटा बसून माझी ती धून वाजवणार. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो की नाही बघ."

आणि त्यानं म्हणूनच दाखवलं. पहिली खुर्ची ड्रमची, दुसरी बासची, तिसरी ट्रंपेटची, चौथी व्हायोलिनची. प्रत्येकावर सातासमुद्रापलीकडचं मोठं नाव. पाचवी सॅक्सोफोनची. तिथे तो थोडा अडला.

साडूच्या तोंडून निघून गेलं, "बॉस, तिथे आपला लांब्या."

आता हा लांब्या कोण, ते ऐका. सहा फुटांच्या वर उंची, बोलणं जवळपास नाही. वीस वर्षं बॉसच्या उजव्या हाताला बसून सॅक्सोफोन वाजवला त्यानं. आणि बॉस जिला "माझी धून" म्हणत होता ना, जिच्यावर त्याचं नाव झालं, घर झालं, सत्कार झाला, ती लांब्याची. एका हॉटेलात कार्यक्रमाच्या मधल्या सुट्टीत, स्वयंपाकघराच्या मागच्या जिन्यात बसून त्यानं ती पहिल्यांदा वाजवली, तेव्हा साडू शेजारी चहा पीत होता. पंधरा दिवसांत ती रेकॉर्ड झाली. खाली नाव बॉसचं! लांब्यानं एकदाच विचारलं, "माझं नाव राहिलं का?" झालं. बॉसनं त्याला काढलाच, वर सगळीकडे सांगितलं की हा पिऊन येतो, ताल सोडतो. ज्यानं जन्मात थेंबाला शिवलं नव्हतं, त्याला! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. पुढे कोणी उभं केलं नाही त्याला. फुप्फुसं गेली, माणूस गेला. शेवटच्या आठवड्यात साडूला म्हणाला होता, "बाकी काही नको रे. त्याच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचं होतं."

मेल्यावर वैर संपतं म्हणतात. ज्यानं कोणी हे म्हणून ठेवलंय ना, त्याला कोणी कधी फसवलं नसणार.

अजून एक सांगायचं राहिलं. सॅक्सोफोनच्या तोंडाशी एक पातळ पट्टी लावतात, वेताच्या सालीची, रीड म्हणतात तिला. आधी तोंडात धरून ती ओली करायची, मग वाजवायचं. ती नसेल तर कितीही फुंका, नुसती हवा जाते. सूर नाही. लांब्या आपल्या आवडत्या रीडवर ब्लेडनं दोन खाचा करून ठेवायचा. तो गेला तेव्हा त्याला उचलायच्या आधी ती रीड त्याच्या शर्टाच्या खिशात साडूनं ठेवली. स्वतःच्या हातानं. ती त्याच्याबरोबर गेली. हे ध्यानात ठेवा.

तर साडू म्हणाला, आपला लांब्या. बॉसचं तोंड कडू झालं. "त्याचं नाव काढू नकोस."

"बॉस, खेळच आहे हो. रिकामी खुर्ची. नाव घेतलंत तर तुमचं काय जातं?"

"खेळातसुद्धा नाही. स्वप्नातसुद्धा त्या माणसाला माझ्या ग्रुपमध्ये जागा नाही!"

एवढं बोलून थांबला असता तर... पण नाही. अंगातली मस्ती गप्प बसू देते का? उठला, ती पाचवी खुर्ची उचलली, पडद्यामागच्या सामानाच्या खोलीत फेकली, बाहेरून कडी घातली. हात झटकत परत आला. "सॅक्सोफोन नकोच मुळी. चार पुरेत."

साडूनं चावी उचलली. पोट भरायचं असतं माणसाला. खाली वाकून पुन्हा कामाला लागला. दोन तारा गप्प केल्या. तिसरी वाजवली.

दोन आवाज आले.

एक तारेचा. आणि एक त्याच्या मागून... लांबून... फुंकरीचा. किंचित बेसूर.

त्याला वाटलं तारांमधली लोकर सरकली. नीट खुपसली. परत पट्टी दाबली. परत दोन. चावी हळूच पिळली, तार वर चढली. आणि तो मागचा सूरही... तिच्याबरोबर चढला. जुळत जुळत आला. अगदी जुळला. मग थांबला.

अरे, वाजवणारे आधी काय करतात? पियानोकडून सूर घेतात. कोणीतरी सूर घेत होतं.

साडूनं मान वर केली. खुर्च्या पाच होत्या.

"ही कोणी आणली?" बॉस ओरडला. "माझी चेष्टा करतोस?"

"मी जागचा हललो नाही, बॉस."

खरंच हलला नव्हता. दोघांनी जाऊन बघितलं, खोलीला कडी तशीच. साडूनं त्याचा हात धरला, म्हणाला, "बॉस, पाया पडतो तुमच्या. नाव घ्या त्याचं. एकदा. इथे तिसरं कोणी नाही, कोणाला कळणार नाही. घ्या आणि जाऊ घरी."

तेवढंच हवं होतं हो. एक नाव. सत्कार गेला नसता, घर गेलं नसतं. पण बॉसनं हात झटकला आणि रिकाम्या हॉलकडे तोंड करून, मोठ्यानं म्हणाला, "नाही घेत! काय करशील?"

फाटकापासूनचे सगळे दिवे गेले.

सगळे नाही. मंचावरचे पाच राहिले. उद्यासाठी लावलेले. एकेका खुर्चीवर एकेक.

पहिली खुर्ची करकरली. कोणी बसलं की करकरते तशी. दिसलं काही नाही. मग बोटं मोडल्याचा आवाज आला. एकेक बोट, सावकाश. साडूनं ओळखलं. वाजवायच्या आधी बोटं मोडायची सवय एकाच ड्रमरला होती. बॉसनं भर कार्यक्रमात, लोकांसमोर खाली उतरवला होता त्याला. तो जाऊन सहा वर्षं झालेली.

दुसरी करकरली. बासची खुंटी कुरकुरली... तो म्हातारा. आजारी पडला म्हणून काढलेला.

तिसरी. चौथी.

मोठी नावं कोणी आलीच नाहीत, पोरांनो. बॉसनं जे जे हाकलले, ते आले. ग्रुप लांब्यानं जमवला होता. त्याचा स्वप्नातला.

मग पाचवी.

ती बराच वेळ करकरत राहिली. उंच माणूस. पाय नीट ठेवायला वेळ लागतो त्याला...

पियानोपुढचं स्टूल मागे सरकलं. आपोआप. बॉससाठी.

बॉस मान हलवत होता. नको, नको. पाय चालत गेले. बसला. हात वर आले.

अंधारात कोणीतरी श्वास घेतला.

आणि ती धून सुरू झाली. साडू म्हणतो, इतकी सुंदर त्यानं कधी ऐकली नव्हती, त्या जिन्यातही नाही. सॅक्सोफोन पुढे, बाकी सगळे मागे. आणि बॉस? बॉस साथ करत होता. नुसती साथ. ज्यानं आयुष्यात कोणाला पुढे बसू दिलं नाही, तो मागे. बोटं त्याची, पण वाजवत तो नव्हता. नखाखालून रक्त आलं तरी हात थांबेनात. रडत होता. साडू ओरडला, "नाव घ्या! बॉस, नाव घ्या त्याचं!"

आता घ्यायचं होतं त्याला. खरंच घ्यायचं होतं. तोंड उघडलं...

हवा आली. नुसती हवा.

किती वेळ चाललं, साडूला सांगता येत नाही. चौकीदार म्हणतो, दिवे गेलेच नव्हते, काही ऐकूही आलं नाही. पहाटे साडू माझ्या दारात उभा. अनवाणी. हातात हत्यारांची पिशवी गच्च धरलेली. काकूनं पाणी दिलं तरी पिशवी खाली ठेवेना.

आणि बॉस गेला सत्काराला, माहितीये? बायको-मुलगा दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेले. पाहुणे आले होते, फोटोवाले आले होते, नाही म्हणायची सोय नव्हती. हॉल भरलेला. मी होतो, मागून तिसऱ्या रांगेत. माईकपुढे उभा राहिला. पाचव्या खुर्चीकडे बघितलं. तोंड उघडलं. सगळ्या हॉलभर स्पीकरमधून... फूऽऽ. परत उघडलं. फूऽऽ. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. गळा ठणठणीत आहे म्हणतात. ... काय म्हणालास? लिहून का नाही देत? शहाणाच आहेस. पेन हातात देतात ना, पेन गळून पडतं आणि बोटं कागदावर वाजवायला लागतात. साथीचे तुकडे. रात्रंदिवस. झोपेतसुद्धा, पांघरुणावर.

मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू. नाही वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो. लांब्याच्या बायकोला जाऊन सगळं सांगितलं तर तिनं हातातला ओला कपडा आधी पिळून झटकला. मग म्हणाली, "बरं झालं," आणि परत कपडे वाळत घालायला लागली.

हां, ती हत्यारांची पिशवी. साडूनं दोन दिवसांनी उघडली. लोकरीच्या पट्ट्या बाहेर काढल्या, तर त्यांच्यामध्ये एक रीड. खालच्या टोकाला दोन खाचा. ब्लेडच्या.

मेहुणीनं ती घरात ठेवून घेतली नाही, म्हणून माझ्याकडे आहे. या डबीत. तुमचं ते "तो नको" कानावर आलं तसा खाली गेलो आणि कपाटातून काढून आणली. त्या तुमच्या ड्रमवाल्याला फोन लावायचा तर तिकडे कोपऱ्यात जाऊन लाव. झोपला असेल तर उठव त्याला. शिव्या घालेल, खा.

बाकीचे इकडे या. बघा. दोन खाचा, दिसतायत? वर्ष होत आलं. कापसात ठेवली. उन्हाळाभर गच्चीवर उन्हात ठेवली, इथेच, या कठड्यावर. तांदळाच्या डब्यात ठेवली. लाव बोट. घाबरतेस काय, लाव.

... ओली आहे ना?