एका पानाचं पुस्तक

तपासणी चार दिवसांवर आली की मी वाचनालयाचं दार लोटून घेतो आणि अख्ख्या गावाच्या वतीनं अभिप्राय लिहायला बसतो. डिंगोऱ्यात वाचक येतात ते पेपर चाळायला. पुस्तक नेलंच तर ते तीन महिने टीव्हीखाली धूळ खातं. निरीक्षकांना मात्र 'वाचक अभिप्राय' ही वही भरलेली लागते. ती कोरी दिसली की वाचनालयाचा सरकारी दर्जा आणि अनुदान जाणार, आणि दर्जा गेला की मी, जालिंदर ग्रंथपाल, घरी बसणार. तेव्हा पाच पेनं घ्यायची, पाच तऱ्हांची अक्षरं काढायची आणि सुरू करायचं. 'नुकतंच वाचून संपवलं. भाषा ओघवती आहे.' 'शेवट मनाला चटका लावून जातो.' हा चटका मी वर्षाला दहाबारा जणांना तरी लावतो. हौशीरामचं अक्षर गिचमिड ठेवायचं, लंकाबाईचं बारीक. ही कला आहे राव, चेष्टा नाही.

यंदा बायकांची नावं कमी पडली. यादी चाळताना बानूबाईचं नाव दिसलं. तिला अक्षरओळखसुद्धा नाही. जन्म मेंढरांमागं गेला. खरी वाचक तिची पोरगी, सोनल. आठवड्याला दोन पुस्तकं नेणार आणि वेळेत परत आणणार. सात वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली, तेव्हा सभासद कमी दिसू नयेत म्हणून मी तिचं कार्ड आईच्या नावावर केलं होतं. आता बानूबाईचं अक्षर कसं काढावं? पेन डाव्या हातात धरलं आणि वेडंवाकडं लिहिलं, 'गोष्ट साधी, पण काळजाला भिडली.' वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी वही उघडली, तर बानूबाईच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. अक्षर तेच, माझ्या डाव्या हाताचं. पुस्तकाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चिठ्ठी'. पुढं अभिप्राय, 'एका पानाचं आहे. वाचून दाखवणाऱ्यानं मधलं गाळलं.'

मी आधी हौशीरामवर भडकलो. असले चाळे त्यालाच सुचतात. तो पेपर वाचत बसला होता. त्याच्यासमोर वही आपटली.

"हे तू लिवलं का रे?"

"काय लिवलं? भाऊ, मी माझी सहीबी वर्षातून दोनदा करतो. त्या कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला, आन इचारताय मला?"

खरंच होतं. शिवाय ती चिठ्ठी हौशीरामला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती दोनच माणसांनी पाहिली होती, बानूबाईनं आणि मी. आणि त्यातल्या एकालाच वाचता येत होतं.

सांगून टाकतो. सोनल गेली त्या दुपारी बानूबाई धापा टाकत इथं आली होती. नवरा मेंढरं घेऊन माळशेज घाट उतरून कोकणात गेलेला, घरातला एकुलता एक फोन त्याच्याकडं. डब्यात सापडलेला कागद तिनं माझ्या हातात दिला. "वाचा ना भाऊ, पोरीनं काय लिवलंय?" कागदावर होतं, 'आई, भगवंतशेठ रस्त्यात अडवतात. काल हात धरला. मी नारायणगावच्या स्टँडवर थांबते. शेवटच्या गाडीपर्यंत वाट बघते. तू ये. एकटीनं परत यायची भीती वाटते.'

भगवंतशेठ आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. मला इथं चिकटवलं ते त्यांनीच. आणि त्या घटकेला ते माझ्यासमोर, तीन हातांवर, पेपर उघडून बसलेले होते. पेपरचं पान हलेना, कान माझ्याकडं होते. मग मी वाचलं, "आई, मी माझ्या खुशीनं जाते. मला शोधू नका. मी सुखात आहे."

बानूबाई खाली बसली. कागद परत मागायला लागली, तर मी म्हणालो, पोलिसात लागेल, माझ्यापाशी राहू दे. संध्याकाळी फाडून गटारात टाकला. सोनल परत आली नाही. पोलिसात कुणी गेलंच नाही. खुशीनं गेलेल्या पोरीला कोण शोधतं?

तर ती ओळ. वहीच्या पानांना नंबर आणि शिक्के असतात, फाडता येत नाही. मी वर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर एक नेहमीचा अभिप्राय लिहिला आणि वही टेबलाच्या खणात बंद केली.

बुधवारी पट्टी जागच्या जागी होती. पण पुढचं कोरं पान भरलेलं होतं. हौशीरामचं गिचमिड, लंकाबाईचं बारीक, दादाभाऊंचं तिरकं. सगळी माझीच अक्षरं, आणि सगळ्यांचं पुस्तक एकच.

'नुकतंच वाचून संपवलं. स्टँडवरचं वर्णन हुबेहूब. मुलीच्या एका पायात चप्पल नाही, हे लक्षात राहतं.'

'सहाची गाडी जाते, साडेसातची जाते, ती दर वेळी उठून उभी राहते. हा भाग वाचवत नाही.'

'वाचून दाखवणाऱ्याचं पात्र पटलं नाही. एवढा भित्रा माणूस असतो का?'

चप्पल चिठ्ठीत नव्हती. सहाची, साडेसातची गाडी नव्हती. हे मला माहीत नव्हतं, मग माझ्या अक्षरात आलं कुठून? तरी मी पुढं वाचत गेलो. लाज वाटते सांगायला, पण त्या घडीला मला भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. शेवटच्या गाडीनंतर काय झालं? पान संपत आलं. तळाला लंकाबाईच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शेवट इथे सांगत नाही. ज्याने त्याने स्वतः वाचावा.'

गुरुवारी अकराला निरीक्षक आल्या, उज्ज्वला मॅडम. वही आणली नाही तर दर्जा गेला, आणली तर मी गेलो. मी आणली. भगवंतशेठ खुर्चीत रेलून मोबाइल बघत होते. चहा झाला. मॅडमनी चष्मा लावून पानं उलटली.

"अरे वा! सगळ्यांनी एकच पुस्तक वाचलंय. छान उपक्रम आहे. आणि ह्या बानूबाई कोण? फार मनापासून लिहिलंय त्यांनी. भेटता येईल?"

नको म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत हौशीराम धावलासुद्धा. बानूबाईची मेंढरं मागच्याच कांद्याच्या रानात खतासाठी बसवलेली होती. ती आली, दारात चपला काढल्या, पदर सावरून उभी राहिली.

"बसा ना बाई," मॅडम म्हणाल्या. "कोणतं पुस्तक वाचलंत?"

"मला कुटं वाचाया येतंय? माजी पोरगी वाचायची. लई वाचायची."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. भगवंतशेठनीही पाहिलं.

"मी वाचून दाखवतो त्यांना," मी म्हणालो. तोंडातून सहज निघालं, बघा.

"असं? मग आत्ता दाखवा की थोडं. हेच, चिठ्ठी." त्यांनी पान उलटून वही माझ्यापुढं सरकवली.

त्या पानावर अभिप्राय नव्हते. सोनलचं अक्षर होतं, टपोरं, उजवीकडं कललेलं. आई, भगवंतशेठ रस्त्यात अडवतात.

मी फाडलेली ती अख्खी चिठ्ठी होती.

बानूबाई हात जोडून माझ्या तोंडाकडं बघत होती. भगवंतशेठनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

समोर सरकारी माणूस होता. पान उघडं होतं. मला फक्त डोळ्यांपुढं होतं ते वाचायचं होतं.

मी वाचलं, "आई, मी माझ्या खुशीनं जाते. मला शोधू नका. मी सुखात आहे."

बानूबाईनं पदरानं डोळे पुसले. "आक्षी तसंच. त्या दिशी वाचलं व्हतं तसंच. लई उपकार झाले भाऊ. जीवाला तेवढाच आधार हाय, पोरगी सुखात हाय म्हून."

ती माझ्या पाया पडायला वाकली. माझ्या. मी मागं सरलो, खुर्ची पडली.

ती गेली. मला बसवेना. धावत मागं गेलो, रस्त्यावर हाक मारली, "बानूबाई!"

ती थांबली. "काय वो भाऊ?"

ओठापर्यंत आलं होतं. देवाशपथ आलं होतं. मागं पायरीवर भगवंतशेठ उभे होते.

"काही नाही. ऊन लई आहे. सावकाश जा."

परत आत आलो तेव्हा मॅडम पेनाला टोपण लावत होत्या. "चांगला शेरा दिलाय तुम्हाला," असं म्हणून त्या हसल्या आणि गाडीकडं निघाल्या. मी वही ओढून घेतली. वरची चिठ्ठी त्यांना दिसलीच नसावी; तिच्याखाली त्यांच्या निळ्या शाईत होतं, 'निरक्षर सभासदांना ग्रंथपाल स्वतः वाचून दाखवतात. स्तुत्य.' खाली सही, तारीख, शिक्का.

शिक्क्याच्या खाली, टपोऱ्या, उजवीकडं कललेल्या अक्षरात आणखी एक ओळ होती. शाई ओली होती, बोटाला लागली.

'आजपण तसंच वाचलं.'