आजोळची तीन नावं

"लिहून घ्या गुरुजी... राजीवचे मातामह विष्णुपंत. त्यांचे वडील त्र्यंबक, आणि त्यांचे वडील हरी. गोत्र कौशिक. हो, हो, आमच्या मिसेसच्या माहेरचीच नावं ही!"

कमलाकर फोनवर खणखणीत आवाजात सांगत होते, आणि नॉटिंगहॅमच्या त्या छोट्याशा स्वयंपाकघरात बेसनाचे लाडू वळणारे मधुमतीचे हात जागच्या जागी थांबले. मुठीतला लाडू फुटला. तिने तो परातीत टाकून पुन्हा वळायला घेतला. तिच्या माहेरची नावं! त्या तिघांपैकी एकाशीही तिचं रक्ताचं नातं नव्हतं...

मधुमती जन्माने नोरा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे शेतात बटाट्यांपेक्षा दगडच जास्त निघायचे, अशा एका खेड्यातली. नर्स होण्यासाठी ती नॉटिंगहॅमला आली, तिथे शिकायला आलेल्या कमलाकरांशी तिची गाठ पडली, आणि एकोणीसशे त्रेसष्टच्या डिसेंबरात पुण्याच्या मांडवात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं. ते नाव तिने नुसतं घेतलं नाही, अंगी मुरवलं. आज अडुसष्टाव्या वर्षी ती नवऱ्याला 'अहो' म्हणत असे आणि तिची पुरणपोळी फुटत नसे. मराठी मंडळातल्या बायका कौतुकाने म्हणत, "ही तर आपल्यापेक्षा आपली झाली!" आणि ते कौतुक ऐकताना तिची मान दरवेळी थोडी खाली जात असे. सगळ्यांना तो विनय वाटायचा.

"अहो," ती हात पुसत म्हणाली, "ही नावं कशाला हवीत गुरुजींना? मुंजीच्या नांदीश्राद्धात नावं घेत नाहीत ना?"

"हे वेम्बलीचे गुरुजी घ्यायला लावतात. म्हणतात, इकडच्या मुलांना आपल्या पूर्वजांची नावं ठाऊक नसतात, निदान मुंजीत तरी कानावर पडू देत." कमलाकरांनी फोन ठेवला. रविवारी नातवाची, कबीरची मुंज होती. यजमान म्हणून पाटावर राजीव बसणार होता, त्यांचा एकुलता एक मुलगा. "बापाकडचे तीन, आईकडचे तीन. मी शास्त्राप्रमाणेच सांगितलंय, मधू. विष्णुपंतांनी कन्यादान केलं, म्हणजे तेच तुझे वडील."

"आणि माझे वडील?"

कमलाकर हळू आवाजात म्हणाले, "लीलावहिनी येताहेत पुण्याहून. या वयात, एवढ्या लांब, फक्त तुझ्यासाठी! आता त्यांच्यासमोर जुनं काही उकरून काढायचं का?"

कमलाकरांनी तिच्यावर बळजबरी कधीच केली नव्हती... त्रेसष्ट सालीसुद्धा नाही! तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, की आईला अनाथ मुलगी चालेल, तिला कुणी मानलेले आईबाप मिळवून देता येतील, पण दुसऱ्यांच्या शेतात बीट उपटणारा व्याही तिला पचणार नाही. "तू एक वाक्य बोल, बाकीचं मी बघतो." आणि ते वाक्य तिने घोकून घोकून पाठ केलं होतं. सासूबाईंनी दारातच विचारलं, "वडील काय करतात?" आणि तिने त्या घरात उच्चारलेले पहिले मराठी शब्द होते ते...

"वडील नाहीत."

वडील होते! निघण्याआधी दोनच महिने ते तिच्या नर्सिंग हॉस्टेलच्या दारात उभे होते. दर हिवाळ्याच्या तोंडाशी ते बोटीने इंग्लंडला येत, लिंकनशरच्या शेतांत बीट काढायला. बुटांवर चिखल, पाठीत पोक, आणि काखेत खाकी कागदात बांधलेलं पुडकं. चिखल लागेल म्हणून ते पायरीसुद्धा चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "तारीख तेवढी कळव पोरी. मी सूट घेतलाय." मागे खिडकीत तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या, त्या बुटांकडे बघत होत्या, आणि नोराला, त्या माणसाच्या घामावर शिकलेल्या नोराला त्याची लाज वाटली! ती घाईघाईने म्हणाली, "लग्न इंडियात आहे, डॅडी. तिकडे मुलीच्या बाजूचं कुणी येत नाही. तशी पद्धत नाही त्यांच्यात."

"असं होय," ते म्हणाले. "त्यांची पद्धत असेल तर मग... राहू दे." त्यांनी पुडकं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

आणि मग पुण्याच्या मांडवात तिने काय पाहिलं? सगळं लग्न मुलीच्या बापाच्या ओंजळीवर उभं होतं! बाप पाणी सोडतो, बाप हात हातात देतो, बाप रडतो... विष्णुपंत, सासऱ्यांचे स्नेही, भला माणूस, तिच्यासाठी खरोखर रडला. गुरुजींनी हरींची पणती, त्र्यंबकांची नात, विष्णुपंतांची मुलगी म्हणून तिचा उच्चार केला, आणि त्या क्षणी तिला दुःख झालं नाही. हायसं वाटलं! आता इथे कुणी विचारणार नाही आपला बाप काय करतो ते. त्या हायसं वाटण्याची लाज तिने आजवर कुणापाशी बोलून दाखवली नव्हती, कमलाकरांपाशीसुद्धा नाही. आठ वर्षांनी वडील गेले, तेव्हा त्यांना तोच सूट घालून पुरलं. तो त्यांनी त्याआधी कधी घातलाच नव्हता.

शनिवारी लीलावती आल्या. कमलाकरांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी हैराण. व्हीलचेअरमधून उतरल्या उतरल्या त्यांनी मधुमतीला पोटाशी धरलं. "माहेर नाही बिचारीला," असं म्हणत त्यांनी इतकी वर्षं दर दिवाळीला पुण्याहून चकल्या-अनारशांचं पार्सल पाठवलं होतं, दर पुणेभेटीत तिला स्वतःच्या माहेरी नेऊन चार दिवस लाडाने ठेवलं होतं. आताही बॅग उघडून त्यांनी हिरवी पैठणी काढली. "नातवाची मुंज आहे, तुझ्या अंगावर माहेरची साडी नको? तुझ्याकडून आणणारं कोण आहे, मी आणली!"

मधुमतीने पदर डोळ्यांना लावला. जावेला वाटलं, आईबापांच्या आठवणीने रडतेय. खरं तर ती पैठणी तिच्या हातांना भाजत होती... खोटं बोलून मिळवलेलं प्रेम इतकं खरं असतं, की ते परतही करता येत नाही!

रविवारी हॉल भरून गेला. वेम्बलीहून आलेल्या तरुण गुरुजींनी समोर हळद-कुंकू, सुपाऱ्या मांडल्या. राजीव सोवळं सावरत पाटावर बसला, शेजारी त्याची बायको श्रद्धा, मध्ये कबीर. वडिलांकडची तीन नावं राजीवने गुरुजींच्या मागोमाग व्यवस्थित म्हटली.

"आता आजोळची. मातामह, म्हणजे तुमच्या आईचे वडील. म्हणा, विष्णु..."

राजीव थांबला. "सॉरी गुरुजी, हा नाव कोणाचा आहे?"

"तुमच्या आईच्या वडिलांचं."

"नो, नो. देअर इज सम मिस्टेक." राजीवने मागे वळून पाहिलं. "बाबा, हे कोण? ममचा डॅड तर... आय न्यू हिम! सहा वर्षांचा होतो मी. त्याच्या गाढवगाडीवर बसलोय. बाबा?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कमलाकर घाईने पुढे झाले. "अरे, ते शास्त्राप्रमाणे असतं, टेक्निकल गोष्ट आहे. नंतर सांगतो. तू म्हण आधी."

पहिल्या रांगेत बसलेल्या लीलावती गोंधळून सगळ्यांकडे बघत होत्या. "सहा वर्षांचा? अहो भावजी, हिचे वडील तर लग्नाआधीच..."

राजीवची नजर आईवर खिळली होती. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि रागापेक्षा तेच जास्त लागलं. मधुमतीला कळलं, आता गप्प राहिलं तर राजीव म्हणेल. शहाणा मुलगा आहे, आईची चारचौघांत शोभा नको म्हणून मुकाट्याने विष्णुपंतांचं नाव घेईल. आणि पाटावरून, देवाब्राह्मणांच्या साक्षीने, तिचा बाप दुसऱ्यांदा मरेल... या वेळी स्वतःच्या नातवाच्या तोंडून!

ती उठली.

"वडील होते," ती म्हणाली.

कुजबुजीत ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागलं. "माझे वडील होते, ताई. मी लग्नाला उभी राहिले तेव्हा जिवंत होते. शेतमजूर होते. मला त्यांची लाज वाटली, म्हणून मी सासूबाईंना सांगितलं, वडील नाहीत. आणि वडिलांना सांगितलं, तुमच्यात मुलीकडचं कुणी येतच नाही. मी दोन्हीकडे खोटं बोलले... त्यांनी सूट घेतला होता, ताई! माझ्या लग्नासाठी सूट घेतला होता!"

"मधू, चूक माझी होती," कमलाकर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आईसमोर उभं राहायची हिंमत माझ्यात नव्हती. तिला ते वाक्य मी शिकवलं, वहिनी."

"शिकवलं तुम्ही. बोलले मी."

गुरुजींनी घसा साफ केला. "आजी," ते सौम्यपणे म्हणाले, "तुमच्या वडिलांची तीन पिढ्यांची नावं आठवतात?"

आठवतात? त्यांच्या गावात आडनावाला कुणी विचारतच नसे, कारण अर्ध्या गावाचं आडनाव एकच. माणसाला हाक मारायची ती त्याचं, बापाचं आणि आजाचं नाव एका दमात जोडून. शेताच्या दुसऱ्या टोकावरून शेजारी वडिलांना ज्या नावाने साद घालायचे, ते तिच्या कानांत अजून तसंच होतं.

"मीहॉल मार्टीन पॉरिक," ती म्हणाली. "वडील मीहॉल, आजोबा मार्टीन, पणजोबा पॉरिक."

"गोत्र?"

"गोत्र... नाही."

"गोत्र ठाऊक नसेल त्याने काश्यप म्हणावं, असं आपल्याकडे सांगितलंय. सगळ्यांना पुरतं ते." गुरुजी राजीवकडे वळले. "म्हणा. काश्यपगोत्र, मीहॉल..."

"मीहॉल," राजीव म्हणाला. "मार्टीन... पॉरिक."

मधुमती खाली मान घालून उभी होती. लीलावतींकडे बघायची तिची छाती होत नव्हती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लीलावती उठल्या होत्या, काठी टेकत आहेराच्या टेबलाकडे चालल्या होत्या. निघाल्या, ती मनात म्हणाली. जाऊ देत. इतकी वर्षं फसवलं मी त्यांना.

लीलावतींनी टेबलावरचं नवं कोरं उपरणं उचललं आणि नारळ घेतला. आपल्या शेजारची खुर्ची त्यांनी रिकामी करवली, तिच्या पाठीवर उपरणं नीट पसरलं, नारळाला कुंकू लावून तो खुर्चीत ठेवला. मग वाकवत नव्हतं तरी वाकून नमस्कार केला.

"फार वाईट केलंस, मधू," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मला सांगायचं होतंस गं. निदान मला! मी त्यांना जाऊन म्हटलं असतं, तुमची पोर सुखात आहे..." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "व्याह्यांचा मान द्यायचा राहिला होता आमच्याकडून. उशीर झाला. ये, बस इथे, त्यांच्याजवळ."

"ताई, ती पैठणी... मी कुठल्या तोंडाने..."

"गप्प बस. माझी आहे ती. नेसलीस ना? झालं."

मधुमती त्या खुर्चीशेजारी बसली. तिने उपरण्याची किनार चिमटीत धरली आणि अंग गदगदून रडली, इतकी वर्षं राहिलेलं रडली. पलीकडून कमलाकरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने बाजूला केला नाही.

विधी पुढे सरकले. मध्येच सुटका मिळताच कबीर, चकचकीत गोटा केलेला, मुंडावळ्या सावरत, धावत तिच्याकडे आला. पाय दुखत होते, बसायला जागा शोधत त्याने नारळ ठेवलेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आजी, इथे कोणी नाही ना? कॅन आय सिट?"

"आहे रे बाळा," मधुमती म्हणाली आणि त्याला आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "ही जागा माझ्या वडिलांची आहे."