भयकुलूप

बाणेरच्या त्या प्रयोगशाळेत एक खुर्ची होती आणि तिच्यात बसलेल्या नटाला सकाळपासून पाचव्यांदा धमकावलं जात होतं. धमकावणारा निवृत्त फौजदार होता. त्याने खेळण्यातला सुरा नटाच्या मानेला लावला आणि खर्जात म्हणाला, "खातं उघड. मुकाट्याने."

नटाने मनगटावरच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि दोन हजार युरो पाठवण्याची आज्ञा दिली. आवाज स्थिर होता. चेहऱ्यावर हसू होतं. पण पट्टी तांबडी झाली आणि तिच्यावर अक्षरं उमटली : ओळख पटली नाही.

"पाहिलंत?" डॉ. हेमांगी रेगे म्हणाल्या. "सुरा खोटा आहे हे त्याला माहीत आहे. तरीही नाडी दचकलीच."

काचेपलीकडे नियामक मंडळाच्या देवस्थळीबाई वहीत टिपून घेत होत्या. 'वाटखर्ची' ही कंपनी बँक नव्हती. परदेशी जाणारा माणूस प्रवासापुरते पैसे तिच्या खात्यात ठेवी आणि तिकडे मनगटाच्या पट्टीवरून खर्च करी. ना शाखा, ना चेकबुक, ना परवलीचा शब्द. दोन वर्षांत अकरा लाख प्रवासी झाले होते, म्हणून मंडळाला तपासणी करावीशी वाटली.

"परवलीचा शब्द नाही, मग खातं माणसाला ओळखतं कशावरून?" देवस्थळीबाईंनी विचारलं.

"स्वभावठशावरून. माणूस चालतो कसा, बोलताना थांबतो कुठे, पैसे देण्याआधी किती वेळ घुटमळतो, त्या वेळी त्याची नाडी कशी चालते, हे सगळं पट्टी सहा महिने शिकत असते. त्यातून जो ठसा तयार होतो तो चोराला उचलता येत नाही. चोराने फार तर मालकाला धाक दाखवावा. पण घाबरलेल्या माणसाचा ठसाच बदलतो. आम्ही याला भयकुलूप म्हणतो."

"आणि कुलूप लागलं तर ते उघडणार कोण? बँकेत निदान मॅनेजर असतो. समोरच्या माणसाकडे बघून तो ठरवू शकतो."

"मॅनेजरला फसवता येतं, बाई. लाच देता येते. आमच्याकडे उघडू शकेल असा माणूसच ठेवलेला नाही. पैसे एका बँकेत विश्वस्त निधी म्हणून पडलेले असतात आणि मालकाचा ठसा जुळल्याशिवाय त्यातला एक रुपया हलत नाही. मलासुद्धा हलवता येणार नाही."

"समजा, माणूस दुसऱ्याच कशाने घाबरला असेल तर?"

हेमांगीताईंनी आकडेवारी पुढे केली. असं दहा हजारांत एकदा होतं, तासाभरात माणूस सावरतो आणि खातं उघडतं. देवस्थळीबाईंनी आकडा लिहून घेतला. त्याखाली पटल्याची रेघ मात्र ओढली नाही, हे हेमांगीताईंना त्या वेळी जाणवलं नाही.

पुढे तीन महिन्यांनी हेमांगीताई नवऱ्याबरोबर किर्गिझस्तानात गेल्या. यशोधन रेगे हिमनद्यांचे अभ्यासक. दर उन्हाळ्यात ते नारिनजवळच्या डोंगरात मोजमापं घ्यायला जात. बायकोने एकदा तरी सोबत यावं, असं ते पंधरा वर्षं म्हणत होते. या खेपेला हेमांगीताईंनी रजा टाकली. नारिनच्या अतिथिगृहात त्या सकाळी उशिरा उठायच्या, नदीकाठी फिरायच्या, बाजारात जर्दाळूंची घासाघीस करायच्या. संध्याकाळी यशोधन उन्हाने रापलेलं नाक घेऊन परत यायचे आणि दोघं रस्सा-शेवया खायचे.

सहाव्या दिवशी, रविवारी, ते दुपारीच परत आले, जीपच्या मागच्या बाकावर आडवे. दगडगोट्यांच्या उतारावर पाय घसरला होता. डोकं आपटल्यावरही उठून ते दोन वाक्यं बोलले होते, मग गप्प झाले होते.

नारिनच्या रुग्णालयातल्या डॉ. आयगुल चाळिशीच्या, थेट बोलणाऱ्या बाई होत्या. कानातला दुभाषा त्यांचं बोलणं मराठीत आणत होता.

"कवटीच्या आत रक्त साठतंय. आज संध्याकाळच्या आत ते काढायला हवं. इथे मेंदूचा शल्यविशारद नाही, बिश्केकला आहे. दरड कोसळल्यामुळे रस्ता बंद आहे. हेलिकॉप्टर मिळेल, पण ते खासगी आहे. पैसे आधी घेतात. आणि चार वाजल्यानंतर खिंडीत ढग उतरतात, मग ते उडत नाही."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. रक्कम चौदा लाख रुपये. हेमांगीताईंच्या खात्यात त्याच्या दीडपट होती. त्यांनी बोट पट्टीवर ठेवलं.

ओळख पटली नाही.

त्यांनी हात पदराला पुसला, जणू घामामुळे झालं असावं, आणि पुन्हा बोट ठेवलं. पट्टी तांबडीच.

त्यांना नियम ठाऊक होता. तो त्यांनीच लिहिला होता. तिसऱ्यांदा ठसा चुकला की खातं चोवीस तास बंद. म्हणजे आता एकच संधी उरली होती.

यशोधनच्या मनगटावरही पट्टी होती. पण त्यांचं खातं त्यांच्याच ठशावर उघडणार, आणि ते शुद्धीवर नव्हते. त्यांच्याबरोबरच्या दोन किर्गिझ संशोधकांनी घरी फोन करून जे जमलं ते गोळा केलं. एक दशांशही भरलं नाही. विमा कंपनीच्या यंत्राने उत्तरासाठी सोमवार सांगितला. दूतावासातला माणूस भला होता. त्याने हेलिकॉप्टरवाल्यांना स्वतः विनंती केली, पण त्यांनी त्याचंही ऐकलं नाही.

हेमांगीताईंनी पुण्याला फोन लावला. फिरोज मुजावर त्यांचा सहकारी. मूळचा मिरजेचा, स्वभावठशाचं अर्धं गणित त्याच्या डोक्यातून निघालेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, माझ्या बँकेतून पाठवायला बघतो," तो म्हणाला. पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला. "नाही होत. रविवार आहे. परदेशी रक्कम उद्या दहानंतरच सुटेल."

"मग कुलूप काढ."

"कसं काढू?"

"कुठून तरी काढ, फिरोज! आपण बनवलंय ते."

"आपणच चावी ठेवली नाही ना, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "ठशाला धाक आणि काळजी यांतला फरक कळत नाही. दोन्हींत हृदय सारखंच धावतं. तुम्ही शांत झालात तरच उघडेल."

"औषध घेऊन?"

"गुंगीचं औषध चढलं की नाडी सपाट होते. चोर गुंगी देतात म्हणून ती खूण आपण आधीच कुलपात घातली आहे. ती तुमचीच सूचना होती."

शांत व्हायचं. हेमांगीताई बाहेर अंगणात गेल्या. चिनारासारख्या उंच झाडांखाली बाकावर बसल्या, मोजून श्वास घेतला, मोजून सोडला. पट्टीच्या कडेला एक छोटा आकडा उमटे; ठसा किती जवळ आला ते तो दाखवी. शंभरात एकतीस. नव्वदच्या पुढे जायला हवं. त्यांनी डोळे मिटून वरण-भात आठवला, आईचं माजघर आठवलं, पाढे म्हटले. अडतीस. कुणीतरी चहा आणून दिला. नेहमीसारखं चालावं म्हणून त्या फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. खिडकीतून आत पलंग दिसला. आयगुल वाकून यशोधनच्या डोळ्यात उजेड टाकत होत्या. बावीस.

तीन वाजले. आयगुल बाहेर आल्या. "एक बाहुली मोठी झाली आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्याची. चांगलं लक्षण नाही."

हेमांगीताईंनी तेवढंच फिरोजला लिहून कळवलं. नवऱ्याला वाचवायला लागणारे पैसे स्वतःच्या मनगटावर होते; कष्टाचे, हक्काचे, जगातल्या कुठल्याही चोरापासून सुरक्षित. त्या पट्टीवर नख घासत राहिल्या. कातडी लाल झाली तेव्हा आयगुलनी त्यांचा हात धरला.

तीन वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. फिरोजच होता, आणि त्याचा आवाज बदललेला होता. मोकळा, जवळजवळ हसरा.

"ताई, बसा जरा. चांगली बातमी आहे. तुमच्या रुग्णालयाने डोक्याची चित्रं पाठवली होती ना, ती मी इथे माझ्या मेव्हण्याला दाखवली. तो ससूनमध्ये मेंदूचाच डॉक्टर आहे. त्याने बिश्केकच्या तज्ज्ञांशीही बोलून घेतलं. रक्त वाहायचं थांबलंय."

"थांबलंय?"

"पूर्ण. साठलेलं आहे ते आपोआप जिरेल म्हणतात. बाहुली मोठी झाली ती सुजेमुळे, त्यांना ते अपेक्षितच होतं. शस्त्रक्रियाच लागणार नाही बहुतेक. ताई, यशोधनदादा वाचले. ऐकताय ना?"

हेमांगीताई बाकावर बसल्या. काहीतरी छातीतून खाली उतरलं, गुडघ्यांतून मातीत गेलं. त्या रडल्या. मग रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, मी जवळजवळ मेले होते."

"माहितीय. आता पाणी प्या. इकडे पाऊस पडतोय. माझी थोरली तुमची आठवण काढत होती, तुम्ही जर्दाळू आणणार म्हणून." तो पाचसहा मिनिटं असाच बोलत राहिला, पोरीचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं, प्रयोगशाळेतल्या बिघडलेल्या वातानुकूलनाचं. हेमांगीताई "हं, हं" करत राहिल्या. वारा गार होता. मग तो सहज म्हणाला, "तसं घाई काही नाही, पण मोठ्या गावी असलेले बरे. आजच्या आज नेऊन टाकू का त्यांना? पैसे भरा, म्हणजे उगाच तो विषय नको."

"हो, भरते की," त्या म्हणाल्या आणि बोट ठेवलं.

पट्टी हिरवी झाली. चौदा लाख गेले.

पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते त्यांना घाई नसल्यासारखं वाटलं नाही. चौघेजण पलंग ढकलत पळत आले. आयगुल नळी हातात धरून बाजूने पळत होत्या. हेलिकॉप्टरची पाती आधीच फिरत होती. आत चढताना हेमांगीताईंनी ओरडून विचारलं, "पुण्याच्या डॉक्टरांशी तुमचं बोलणं झालं ना? रक्त थांबलंय ना?"

आयगुलनी मागे वळून पाहिलं. "कुठले डॉक्टर? मी चित्रं कुणालाही पाठवलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "बसा लवकर. अजून वेळ आहे."

खिंडीच्या अलीकडे ढग खाली उतरत होते. हेलिकॉप्टर त्यांच्या पोटाखालून निघालं.

बिश्केकला शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर त्यांनी फिरोजला फोन केला. एकच शब्द उच्चारला. "खोटं?"

"हो. दुसरा मार्ग दिसला नाही, ताई. तुम्हाला शांत करणारी खरी गोष्ट जगात नव्हती."

"मेव्हणा?"

"मला मेव्हणाच नाही."

त्या रागावल्या नाहीत. फिरोजने यशोधनला संधी मिळवून दिली होती, हे त्यांना कळत होतं. पण त्या वैज्ञानिक होत्या, आणि बाकावर बसलेल्या त्या बाईकडे त्यांना आता बाहेरून बघता येत होतं. एका ओळखीच्या आवाजाने तिला धीर दिला, घरच्या गप्पा मारल्या, घाई नाही म्हणत चौदा लाख पाठवायला सांगितलं. आणि कुलूप उघडलं.

"फिरोज," त्या म्हणाल्या, "चोर सुरा लावायला येतच नाही रे. सुरा लावणारे शंभरात दोन असतील. बाकीचे हेच करतात. तू जे केलंस ते."

"तेच डोक्यात घोळतंय माझ्या मघापासून."

"गोड बोलणाऱ्यासमोर माणूस शांत असतो. खुशीत असतो. आपलं कुलूप त्याला दार उघडून देतं, आणि घाबरून मदत मागणाऱ्याला बाहेर ठेवतं. अकरा लाख लोक घेऊन फिरताहेत ते."

"तक्रारी आल्या होत्या," फिरोज चाचरत म्हणाला. "लोक म्हणायचे, फसवून पैसे नेले. आपण ठसे तपासले. सगळे जुळत होते. आपण कळवलं, की व्यवहार तुमचाच आहे, तुमच्या मर्जीने झाला आहे."

"किती तक्रारी?"

"चारशेच्या वर."

त्या प्रत्येक पत्राखाली सही कुणाची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. "देवस्थळीबाईंना आजच कळव," हेमांगीताई म्हणाल्या. "माझ्या नावाने. नवी खाती थांबवा. आणि ते चारशे कागद परत काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तेमिर प्रतीक्षालयात आले. पांढऱ्या मिशांचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांच्यामागे औषधांची यादी घेतलेली परिचारिका होती. हेमांगीताई उभ्या राहिल्या.

"रक्तस्राव थांबला आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "सूज हळूहळू उतरेल. तुमचे पती धोक्याबाहेर आहेत."

परिचारिकेने यादी पुढे केली. औषधांचे पैसे फारसे नव्हते. हेमांगीताईंनी सवयीने बोट पट्टीवर ठेवलं.

ओळख पटली नाही.

हेमांगीताईंचा चेहरा उजळला नाही म्हणून डॉक्टरांना वाटलं, दुभाष्याने काही चुकवलं असावं. त्यांनी तेच वाक्य सावकाश, शब्द सुटे करून पुन्हा सांगितलं. हेमांगीताई त्यांचा चेहरा निरखत होत्या. डोळे, मिशा, हसण्याची ढब. आवाज मोकळा होता, काल फिरोजचा होता तसाच. प्रेमळ होता.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "हे मला सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं?"