मुक्या पेशंटचा डॉक्टर

ओहोटीच्या वेळी खडकांवरून अनवाणी चालू नये, अशी पाटी पाहुण्यांच्या बंगल्याच्या दारातच लावली होती. मनीने ती वाचली, आणि चपला हातात घेऊन खडकांकडेच निघाली. अलीकडे तिचं असंच चाललं होतं. डोळे वाचायचे, मन भलतीकडे असायचं.

पाय पडला तो नेमका एका काळ्या काटेरी गोळ्यावर. समुद्रात असे जीव असतात. ते आपणहून कुणाच्या वाटेला जात नाहीत, पण पाय पडला की काटे टाचेत ठेवून मोकळे होतात. मनी ओरडली नाही. ओठ आवळून खाली बसली आणि पाण्याकडे बघत राहिली.

"पाय दाखवा बघू," मागून कुणीतरी म्हणालं.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, उन्हाने नाक सोललेला एक तरुण उभा होता. "मी डॉक्टर आहे... म्हणजे, तसा."

"तसा म्हणजे कसा?"

"गुराढोरांचा. कुत्र्यामांजरांचाही."

इतक्या दुखण्यातही मनीला हसू आलं. आणि आपण बऱ्याच दिवसांनी हसलो, हे तिच्या लक्षात आलं.

बंगल्याच्या व्हरांड्यात तिचा पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून त्याने चिमट्याने काटे काढायला घेतले. तेवढ्यात तिच्यासोबत आलेली मावशी छातीवर हात ठेवून धावत आली. डॉक्टरने मान वर न करता मावशीलाच विचारलं, "खाते का नीट?"

"कसलं खाते! अर्धं ताटातच."

"झोप?"

"रात्रभर कूस बदलत असते."

"चिडचिड करते?"

"चिडली असती तर बरं झालं असतं हो. नुसती गप्प असते."

"मी इथेच बसलेय," मनी म्हणाली. "आणि मला बोलता येतं."

चिमटा थांबला. डॉक्टरचे कान लाल झाले. "माफ करा... सवयीने झालं. आमचे पेशंट बोलत नाहीत. जो घेऊन येतो त्यालाच विचारावं लागतं."

मावशी तोंडावर हात ठेवून हसली. मनीचे मात्र डोळे भरून आले. काटा दुखला असेल असं त्याला वाटलं, म्हणून तो आणखी हलक्या हाताने काम करू लागला.

काटा दुखला नव्हता. मनी चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारायची, आता कसं दिसतंय, आणि आता? तिचं लग्न ठरलं होतं. मग मुलाने मोडलं. मग त्यालाच पश्चात्ताप झाला. त्याच्या वडिलांनी तिच्या वडिलांकडे शब्द टाकला, वडिलांनी आईला सांगितलं, आईने मावशीला. मावशी तिला समुद्रावर घेऊन आली, ती मन ताळ्यावर यावं म्हणून. परत गेल्यावर होकार कळवायचा होता. होकारच, असं सगळे धरून चालले होते. तिला कसं दिसतंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग रोज संध्याकाळी डॉक्टर पट्टी बदलायला येऊ लागला. पट्टी झाली तरी पायरीवर बसून राहायचा. औषधाची चिठ्ठीच खाऊन टाकणाऱ्या शेळीची गोष्ट त्याने सांगितली. एक कुत्रा पाय बरा झाल्यावरही लंगडत राहिला, लाड थांबतील या भीतीने.

"मी तशी नाही हं," मनी म्हणाली.

"मला कसं कळणार? तुम्हाला शेपूट नाही."

एकदा अचानक सर आली आणि छपरातून तिच्या खुर्चीवरच पाणी टपकू लागलं. त्याने तिला उठवण्यासाठी हात पुढे केला... आणि तसाच ठेवला. धरायचा की नाही, हे तिच्यावर सोडून. मनीने तो धरला. आत पोचल्यावरही तिला सोडायची आठवण राहिली नाही, आणि त्याने ती करून दिली नाही.

त्या दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं.

विचारलंच नाही कुणी, तर उत्तर तयार कुठून असणार? शेवटी मनीच म्हणाली, "तुम्ही सांगा. मी काय करू?"

तो उठला. "ते मला विचारू नका. मी आता तिऱ्हाईत राहिलो नाही." पायरी उतरता उतरता त्याने सांगितलं की सुट्टी संपली, उद्या सकाळच्या लाँचने तो परत जातोय.

सकाळी मनीने वडिलांना फोन लावला. त्या मुलावर राग नाही, पण त्याच्याशी लग्न करायचं नाही, असं तिने सांगितलं.

"हे आधी का नाही बोललीस?"

"मलाही आत्ताच कळलं, बाबा."

"बरं," वडील थकल्यासारखे म्हणाले. "मी कळवतो त्यांना."

"नको. मीच कळवते."

मग ती धक्क्याकडे निघाली. टाच अजून दुखत होती, त्यामुळे वाट लांबली. लाँचवर सामान चढत होतं. डॉक्टर फळीपाशी उभा होता, एक पाय फळीवर, एक धक्क्यावर.

"मी नाही म्हणून सांगितलं," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्यामुळे नाही. ते माझं मी ठरवलं."

त्याने मान हलवली. चेहऱ्यावर आनंद येऊ द्यावा की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"तुमचं वेगळं आहे," मनी म्हणाली. "तुम्ही गेलात तर मला... करमणार नाही. कुणाच्या मार्फत नको, म्हणून स्वतः सांगायला आले."

खलाशाने दोरी सोडली आणि विचारलं, साहेब, येताय का? डॉक्टरने फळीवरचा पाय मागे घेतला. भोंगा वाजला, पाणी घुसळलं, लाँच दूर जाऊ लागली.

"तुमची बॅग," मनी म्हणाली.

"गेली," तो म्हणाला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नव्हती. "जाऊ दे."