सातवं मशीन

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या. जिच्या बाबतीत घडली, तिला लोकांना पटवत बसायचा आता कंटाळा आलाय.

मंगळवार होता. भरदुपार. वादळ, गेलेली वीज... असलं काहीही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, गार झालेला चहा आणि समोर तिचं काम. एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचे कॉम्प्युटर, उभी करायची. त्यांच्यावर एकच माहिती वाटून ठेवायची. मग एकेक मशीन मुद्दाम मारायचं आणि उरलेली ती माहिती जपतात का, ते बघायचं.

मशिनं एकमेकांना हाक मारत राहतात. लागोपाठ तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर ते मशीन मेलं असं धरायचं.

तो तीनचा आकडा तिनेच घातला होता.

एक वाजून दहा मिनिटं झाली. फोन वाजला.

बाबा.

बाबा निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. पस्तीस वर्षं लाइनी तपासल्या, निवृत्तीनंतरही खोड जाईना. रोज याच वेळी फोन, रोज तोच प्रश्न.

"ऐकू येतंय?"

त्यांना उत्तर एकच हवं असायचं. "येतंय." तेवढं सोडून ती सगळं बोलायची.

"काय काम आहे ते बोला, बाबा."

"काम कसलं? लाइन तपासतोय."

"आता लाइन-बिइन काही नसते हो."

"मग आपण काय वाऱ्यावर बोलतोय?"

"वाऱ्यावरच. ठेवा आता!"

हे आदल्या दिवशीचं, सोमवारचं बोलणं. मंगळवारी तिने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. फोन उलटा ठेवून दिला.

तो तीनदा वाजला...

मग वाजला नाही.

संध्याकाळी बाबांच्या शेजारच्या काकूंनी कुलूपवाल्याकडून दार उघडून घेतलं. बाबा खुर्चीत होते. रिसीव्हर हातात.

भेटायला आलेले म्हणाले, "सुटले हो." कशातून सुटले, ते एकालाही सांगता आलं नसतं. खाली मान घालून बसायचे, आणि नजर मात्र घरभर फिरवायचे.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. सहा मशिनं चालू केली.

पडद्यावर आकडा आला...

सात.

"अगं, एका मशीनवरून दुसरं कॉपी करताना जुनी ओळख पुसायची राहिली असेल," साहेब म्हणाले. "सगळ्यांचंच होतं तसं."

साहेबांना स्वतःला एक मशीन उभं करता येत नव्हतं. सगळ्यांचं काय होतं, ते मात्र तोंडपाठ.

तरी तिने सहाही पुसली. नव्याने बांधली. प्रत्येकाला वेगळी ओळख दिली. नेटवर्कची केबल उपटली.

सात.

सातव्याला डिस्क नव्हती. ते काहीच साठवत नव्हतं. दिवसभर गप्प. एक वाजून दहा मिनिटांनी मात्र एक हाक मारायचं.

त्या सहांना नाही...

तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला.

बुधवारी पहिली हाक. गुरुवारी दुसरी. त्या कॉम्प्युटरवरून उत्तर पाठवायची सोयच नव्हती.

"रिपोर्टातून गाळून टाक," साहेब म्हणाले. "कोण बघतंय?"

शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर तिने सहाही मशिनं बंद केली. एकेक करून. स्वतःच्या हाताने.

एक उरलं.

पडद्यावर दोन ओळी होत्या. हाक एक, उत्तर नाही. हाक दोन, उत्तर नाही.

एक वाजून दहा मिनिटं.

तिसरी ओळ उमटली... आणि अर्धवट थांबली. पुढे काय लिहिलं जाणार आणि कुणाबद्दल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? नियम तिचाच.

सर्व्हरचा पंखा थांबला. चालू सर्व्हरचा पंखा कधी थांबत नाही. का थांबला, ते तिला आजही कळलेलं नाही. पलीकडचा माणूस कान देऊन बसला की फोनमध्ये पसरते, तसली शांतता होती.

एवढी शिकलेली बाई, आता यंत्राशी बोलणार! तिला स्वतःचीच कीव आली.



"येतंय," ती मोठ्याने म्हणाली. "बाबा... ऐकू येतंय."