अडखळ्याचं नाव

नव्या कॉम्प्युटरला फोनची वायर जोडायची, एवढंच काम होतं. भर दुपारची वेळ. मी वायरमन. शाळेनं मला सातवीतच हात जोडलेले. पण साहेबाची डिग्री टांगायला भिंतीत खिळा मीच ठोकला होता, म्हणजे शिक्षणाचा भार पेलणारा मीच की!

तेव्हा ई-मेल असं जायचं: एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावून पत्र द्यायचा, दुसरा तिसऱ्याला खो. म्हणून प्रत्येकाला नाव लागायचं. ते सगळीकडे कळवून नोंदवायचं. कुणाचं आधीच असेल तर तो हरकत घ्यायचा. आणि नावं ठेवण्यात माझा हात कोण धरणार?

फोन लावला. फोनला जोडलेला मोडेमचा डबा ओरडला, क्रि... क्रि... क्रि... अडकला.

"साहेब, हा तर आपला अडखळ्या!"

साहेब पोट धरून हसला. अडखळ्या म्हणजे आमचा ऑपरेटर, मागच्याच थंडीत वारलेला. बोलताना अडायचा. त्यानं "पा... पा..." केलं की पाणी हवंय हे कळूनही मी विचारायचो, "पाय दुखतायत?" हजेरीच्या फळ्यावरही अडखळ्याच लिहिलेलं, माझ्याच खडूनं.

तेच नाव नोंदवलं. थोड्या वेळानं पत्र आलं. पत्रावर वाटेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं उमटत. यावर एकच होतं, आमचंच; म्हणजे पत्र इथूनच निघालेलं. साहेबानं हळूच वाचलं, "हरकत आहे. हे माझं नाव नाही. माझं नाव..."

पुढे कोरं.

"मामा, मस्करी पुरे," साहेब माझ्यावर डाफरला.

"मी नाही हो... मला कुठं टाईप करता येतं?"

"बरं, त्याचं खरं नाव काय होतं?"

मला अडखळ्याच ठाऊक. साहेबालाही.

शेजारच्या खोलीत ऑफिसचे फोन जोडून द्यायला त्याची थोरली बहीण बसायची. आम्ही दोघं तिच्यापुढे खाली मान घालून उभे.

"ताई, भावाचं नाव... बदलून टाकतो लगेच."

तिनं कानावरचं फोनचं यंत्र काढलं. "रोज त्याच्या डब्यातलं खात होतात ना मामा?"

जमीन दुभंगली असती तर पहिली उडी माझी, साहेब मागून.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तोच सांगेल. फक्त मध्ये बोलू नका."

नाव रद्द केलं. वायर मी स्वतः उपटली. पुढे ताईही वारली, त्याचं नाव न सांगताच. पण अजूनही माझ्या घरचा फोन वाजतो. क्रि... क्रि... आणि जन्माची खोड, मी मध्येच कुठलंतरी नाव ठोकतो. फोन बंद.

आज मात्र जीभ दाताखाली धरली. त्यानं नाव पुरं उच्चारलं. स्वच्छ, न अडखळता.

ते माझं होतं. आईनं ठेवलेलं. ऑफिसात तर सगळ्यांचा मी मामाच... त्याला कधी कळलं, कुणास ठाऊक.

मग म्हणाला, "आता माझं सांगा."

जरा हळू बोला. तो रिसीव्हर बघा, टेबलावर उताणा... मी अजून जागेवर ठेवलेला नाही. पलीकडे तो थांबलाय.