भट्टी निवेपर्यंत

बसा, चहा होईस्तोवर एक गोष्ट ऐका. प्रेमाची आहे... हसू नका, माझी नाही, भाच्याची!

आमच्या वर्कशॉपात तो लोखंड कातायचा लेथ चालवतो. भिंतीपलीकडं प्रयोगशाळा. एक दिवस तिथली पोरगी दारात उभी, डोळ्यांत जाळ.

"अहो, ते धूड बंद करा! भट्टीत माझा स्फटिक वाढतोय. हादरे बसतात त्याला."

"हादरे बसले की रडतो का?" भाचा म्हणाला.

"वेडावाकडा वाढतो. तुमच्यासारखा."

झालं! गडी गार, लेथ बंद. मग रोज पलीकडं चक्कर. वितळलेलं मीठ हळूहळू निवताना त्याचा काचेसारखा खडा कसा होतो, ते ती समजावणार, हा तिच्याकडंच बघणार.

"अणू रांगेत उभे असतात. ऊब लागली की थरथरतात, पण जागा सोडत नाहीत."

"आणि एखादा आलाच नाही तर?"

"जागा रिकामी राहते. मग शेजारचे जरासे... तिकडं कलतात."

बोलताना तीच जराशी कलली होती म्हणे. हे सांगताना भाच्याचे कान लाल!

पण खडा नीट झाला की ती लांबच्या शहरात नोकरीला जाणार, हे दोघांनाही ठाऊक. लेथ सुरू केला असता तर खडा बिघडला असता, ती राहिली असती. पठ्ठ्यानं बटणाला बोट लावलं नाही.

एका दुपारी पलीकडं तडकन आवाज झाला. हा धावला. भट्टी गरम असतानाच तिनं झाकण उघडलेलं, खड्याचे दोन तुकडे. नवशिकाही असं करत नाही.

"मी तर लेथ बंद ठेवला होता!"

"माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "एकदा तरी चालू करायचा होतात..."

आता यावर माणूस काय बोलेल? हा म्हणाला, "बरं... पुढच्या वेळीही बंदच ठेवतो."

कपाळ माझं!

दुसरा खडा नितळ निघाला. जायच्या दिवशी ती दारात उभी — पिशवीचा बंद सोडतेय, बांधतेय, सोडतेय. हा नुसता "जपून जा" म्हणाला. तेव्हापासून ताटावर बसतो आणि घास विसरतो. त्या शहरात कामही बघून ठेवलंय, पण तिला विचारायचं म्हटलं की दातखीळ!

तुम्ही तिकडंच चाललात ना? मग तिला एवढं विचारा, हा आला तर चालेल का? हो म्हणाली तर त्यालाच फोन करा. नाही म्हणाली तर... मला करा. त्याला मी सांगेन.